शेऱ्याचा रकाना

डिसेंबर. द्राक्षबागांत विरळणीचे दिवस.
रात्री सव्वाबाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून
तिला उतरवलं वणीच्या दवाखान्यात,
गोधडीत गुंडाळलेली,
बोटं हिरवट, औषधाच्या वासाची.
सोबत टोळीत नवीनच आलेली एक पोरगी.
मुकादम दारातूनच मागे फिरला,
डिझेलचं काहीतरी सांगून.

नाव? चांगुणा.
आडनाव? गावित.
नवऱ्याचं नाव विचारलं तर नुसतीच बघत राहिली.
ते काही ती घेणार नव्हती,
आणि तेवढ्यात कळ आली.
भिंतीला धरून उभी राहिली, ओरडली नाही.
वरच्या पाड्यांवरच्या बायका ओरडत नाहीत,
म्हणून आम्हाला वाटतं, अजून वेळ आहे.

कार्ड घरी राहिलेलं, पेठ तालुक्यात,
पत्र्याच्या पेटीत.
टॅब उघडला. चक्र फिरत राहिलं.
मी खिडकीपाशी गेले, मग पायरीवर,
मग बाहेर, पाण्याच्या टाकीखाली,
जिथं कशीबशी एक कांडी रेंज लागते
आणि थंडीनं बोटं स्क्रीनला लागत नाहीत.

मोबाइल नंबर भरा.
पोरीला एकच नंबर पाठ होता, मुकादमाचा.
तो भरला.
सात जणी उघडल्या.
सात गरोदर बाया एका पुरुषाच्या फोनवर.
त्यात चांगुणा गावित दोन.
दोघींचं वय बावीस,
दोघी जन्मल्या एक जानेवारीला,
जशा आमच्या यादीतल्या कितीतरी जन्मतात.
एकीला काहीच नाही.
दुसरीपुढे लाल ठिपका:
सिकल सेल. हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन.
मागच्या खेपेला रक्ताच्या दोन पिशव्या.

आमच्याकडे रक्त नाही.
ठिपका हिचा असेल तर एकशे आठला फोन, आत्ताच.
नसेल तर टेबलावर घ्यायची.
आत जाऊन विचारलं, मागं रक्त चढवलं होतं का गं?
तिनं मान हलवली.
होकार होता की कळ, ओळखता येईना.

परत टाकीखाली.
लाल ठिपक्याखाली बोट सरकवत गेले,
वजन, रक्तदाब, गोळ्या दिल्या, गोळ्या दिल्या,
आणि तळाशी शेरा.
नाशिकला ट्रेनिंगमध्ये सर म्हणाले होते,
तो रकाना रिकामा सोडला तरी चालतो,
त्याची बेरीज होत नाही.
तिथं कुणीतरी लिहिलं होतं:
"पाळीची तारीख सांगता येत नाही.
शिमग्याच्या आधी, मोह गळत होता तेव्हा.
डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग.
सुई टोचताना हसते."
नोंद करणार, कुवर पी. बी.
मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

आत पळाले. गोधडी वर केली.
डाग होता, वाटीएवढा, जुना, चकाकणारा.
एका हातानं फोन लावला,
दुसऱ्या हातानं शीर शोधली, सुई घातली.
आणि ती एवढ्या कळांतसुद्धा खरंच हसली,
गुदगुल्या झाल्यासारखी, तोंडावर पदर घेऊन.

गाडी दिंडोरीच्या रस्त्याला लागली.
बागांतून थंडीसाठी पेटवलेल्या शेकोट्या,
त्यांच्यामधून तो लाल दिवा बराच वेळ दिसत होता.
मग मी फरशी पुसली. चहा केला. प्याले नाही.
चार पन्नासला सिव्हिलमधून कुणीतरी
आपल्या बाजूनं रकाने भरले:
मुलगी. दोन किलो शंभर.
आई निरीक्षणाखाली.
बाळाचं नाव: चांगुणाचं बाळ.

मी शेऱ्यात लिहिलं,
सुई टोचताना हसते, खरं आहे.
जतन करा. जतन झालं.

नंबर अजून उघडाच होता.
खाली उरलेल्या सहा जणी,
कुठल्या बागेत, कुठल्या ताडपत्रीखाली, नोंद नाही.
त्यातल्या एकीची तारीख
गेल्या मंगळवारीच उलटून गेलीय.
मुकादमाचा फोन बंद लागतो.
पुन्हा लावतेय.